मागच्या अंगणातलं दुसरं घर

सिडनीच्या पश्चिमेला तुंगाबी, वेंटवर्थविल, सेव्हन हिल्स या पट्ट्यात गेल्या पंधरा वर्षांत घरांची मागची अंगणं हळूहळू भरत आली आहेत. रस्त्यावरून ते कळत नाही. पुढे तेच युद्धानंतरच्या काळातलं फायब्रोचं (म्हणजे सिमेंटच्या पातळ तक्त्यांचं) किंवा विटांचं बैठं घर, समोर गवत, कडेला पत्रपेटी. बाजूच्या बोळातून मागे गेलं की दुसरं, छोटं घर दिसतं. त्याला स्वतःचं दार असतं, स्वतःचं स्वयंपाकघर असतं. दाराशी कुंडीत तुळस आणि तारेवर वाळणारी पाचवारी दिसली, तर आत कोणाचे आईबाबा राहतात हे विचारावं लागत नाही. लोक या घराला ‘ग्रॅनी फ्लॅट’ म्हणतात. न्यू साउथ वेल्सच्या नियमांत त्याचं नाव ‘सेकंडरी ड्वेलिंग’ आहे. हे पुस्तक त्या घराबद्दल आहे, आणि त्यातही एका अवघड प्रसंगाबद्दल: प्लॉट सरळ चौकोनी नसेल, तेव्हा हे घर कुठे आणि कसं बसवायचं?

ही लाट २००९ साली सुरू झाली. त्या वर्षी राज्य सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी नवं धोरण आणलं आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या दुसऱ्या घराला कौन्सिलच्या लांबलचक मंजुरीतून मोकळं केलं. खासगी सर्टिफायरच्या सहीवर काम सुरू करता येऊ लागलं. २०२१ मध्ये ते धोरण नव्या गृहनिर्माण धोरणात सामावलं गेलं. घराचं क्षेत्रफळ साधारणपणे जास्तीत जास्त ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट. जलद वाटेने जायचं तर प्लॉट किमान ४५० चौरस मीटरचा हवा, आपल्या हिशेबात साडेचार गुंठ्यांच्या आसपास. अशा प्लॉटवर बाजूच्या हद्दीपासून ०.९ मीटर आणि मागच्या हद्दीपासून ३ मीटर अंतर सोडायचं. व्हिक्टोरियाने डिसेंबर २०२३ मध्ये असाच रस्ता उघडला. तिथे ३०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बहुतेक प्लॉटवर एवढ्याच आकाराच्या घराला नियोजन परवाना लागत नाही, बांधकाम परवाना मात्र लागतो. क्वीन्सलँडने २०२२ मध्ये असं घर कुटुंबाबाहेरच्या माणसाला भाड्याने द्यायची मुभा दिली.

अंगणातलं बिऱ्हाड ही कल्पना ऑस्ट्रेलियाला नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची आणि सामानाची टंचाई होती, तेव्हा कित्येक कुटुंबं प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात गॅरेज बांधून त्यातच राहिली आणि पुढचं घर जमेल तसं उभारत गेली. नव्या नियमांनी त्या जुन्या सोयीला कायद्याची बैठक दिली.

हा विषय मराठीत मांडावा असं वाटण्याचं कारण आपल्या कुटुंबांत आहे. इथे नोकरीसाठी आलेली पिढी आता पन्नाशीला टेकली, आणि पुण्या-नाशकाकडचे आईवडील पंच्याहत्तरी ओलांडून गेले. २०१९ पासून आईवडिलांसाठी तात्पुरत्या प्रायोजित व्हिसाची सोय झाली, त्यावर एका खेपेला तीन किंवा पाच वर्षं राहता येतं. तीन महिन्यांच्या मुक्कामाला हॉलमधला सोफा-कम-बेड चालतो. तीन वर्षांच्या मुक्कामाला चालत नाही. पहाटे साडेपाचला उठणारा माणूस चहाच्या भांड्याचा आवाज होईल म्हणून आठ वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहतो. पन्नास वर्षं स्वतःच्या स्वयंपाकघरात वावरलेली बाई सुनेच्या फ्रीजपुढे परवानगी मागितल्यासारखी उभी राहते. यात कोणाचा दोष नसतो. एका ओट्यावर दोन संसार चालत नाहीत, एवढंच. दुसरं घर हे या प्रश्नावरचं फार चांगलं उत्तर आहे असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणूनच ते घाईने, कॅटलॉगमधून उचलून बांधलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

आता प्लॉटबद्दल. या उपनगरांची आखणी एका हातून, एका काळात झालेली नाही. ओढ्याच्या काठाने, टेकडीच्या कडेने, रेल्वेमार्गाच्या बाजूने मोठ्या जमिनींचे तुकडे पडत गेले. पुढे बंद टोकाच्या गल्ल्यांची पद्धत आली. अशा गल्लीच्या गोल टोकाला जे प्लॉट पडतात, ते पुढे अरुंद आणि मागे रुंद, पंख्याच्या आकाराचे. आपल्याकडे अशा प्लॉटला गोमुखी म्हणतात आणि वास्तुशास्त्र मानणारे तो शुभ धरतात. दुसऱ्या घराच्या दृष्टीनेही तो चांगलाच, कारण जागा जिथे हवी तिथे, म्हणजे मागे, मोकळी सापडते. अडचण येते ती पुढच्या रुंदीची. जलद मंजुरीसाठी ४५० ते ९०० चौरस मीटरच्या प्लॉटची रुंदी किमान १२ मीटर लागते. ती रस्त्यालगत मोजत नाहीत, घराच्या पुढच्या बांधकाम रेषेवर मोजतात. पंख्याच्या आकारात त्या रेषेपर्यंत प्लॉट बराच रुंदावलेला असतो, त्यामुळे रस्त्यावर फूटपट्टी लावून निराश झालेले कित्येक जण प्रत्यक्षात अटीत बसतात. याउलट, ‘बॅटल-ॲक्स’ म्हणजे कुऱ्हाडीच्या आकाराच्या प्लॉटवर लांब दांड्यासारख्या रस्त्याचं क्षेत्रफळ त्या ४५० मध्ये धरत नाहीत, आणि कागदावर मोठा दिसणारा प्लॉट हिशेबात तोकडा पडतो. प्लॉट अटीत बसला नाही तरी कौन्सिलकडे रीतसर अर्ज करायचा मार्ग खुला राहतो. त्याला वेळ लागतो, पण वाकड्या प्लॉटवर मला तो पुष्कळदा जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण तिथे कारणं मांडून सवलत मागता येते.

वाकड्या जागेवर दोन प्रकारची घरं सर्रास बांधली जातात. पहिला प्रकार तयार नकाशाचा. १० मीटर बाय ६ मीटरचा आयत, दोन खोल्या, एक न्हाणीघर, एक लांबट हॉल. तो मागच्या अंगणात सरकवायचा आणि जिथे हद्दीला टेकेल तिथे थांबवायचा. समजा, मागची भिंत आणि हद्द यांच्यात केवळ १५ अंशांचा फरक आहे आणि ती बाजूची हद्द आहे. एका टोकाला अंतर ०.९ मीटर ठेवलं, तर १० मीटरवर ते जवळपास ३.६ मीटर होतं. भिंतीमागे सुमारे २२ चौरस मीटरची पाचर उरते. घर ६० चौरस मीटरचं, आणि त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त जमीन कचऱ्याचे डबे, गंजलेली बार्बेक्यू आणि वाढलेलं गवत यांना दिलेली. नियम राहणाऱ्यांसाठी २४ चौरस मीटर मोकळी जागा मागतो आणि ती किमान ४ मीटर रुंद हवी, त्यामुळे ही पाचर त्यातही मोजता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात मालक एक सेंटीमीटरही सोडायला तयार नसतो. तो भिंतच हद्दीला समांतर घेतो. बाहेरून जागा वसूल झालेली दिसते, आतल्या खोल्यांना मात्र तिरपे कोपरे येतात. ६० अंशांच्या कोपऱ्यात ६० सेंटीमीटर खोल कपाट भिंतीला टेकवून पाहा. कोपऱ्याच्या सुमारे ३५ सेंटीमीटर अलीकडेच ते अडतं आणि मागे धूळ साचायला त्रिकोण उरतो. पलंग ठेवला की उशीपाशी तोच त्रिकोण. ओटा, फ्रीज, वॉशिंग मशीन, दरवाजाची चौकट, फरशी, सगळ्या वस्तू काटकोनात जन्माला आलेल्या असतात. सुताराच्या हातात गुण्या असतो, तो ६० अंशांपुढे लाचार होतो. तिरप्या भिंतीला लावलेली प्रत्येक वस्तू खास करवून घ्यावी लागते आणि खर्च वाढत जातो. वयस्कर माणसाला तर रात्री अंधारात चालताना भिंत सरळ आहे हा भरवसा लागतो.

या पुस्तकाचा सगळा भर तिसऱ्या वाटेवर आहे, आणि तीच मला पटते. खोल्या काटकोनात ठेवा. वाकडेपणा अंगणाला द्या. त्यासाठी क्रम उलटा करावा लागतो: आधी मोकळी जागा आखायची, ती चांगली, बसण्याजोगी, उन्हाची झाली की तिच्या कडेने घर.

ही युक्ती जुनी आहे. पॅरिसमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यावर आंत्वान ल पोत्र याने ओतेल द बोव्हे हा वाडा बांधला. त्याची जागा अतिशय वेडीवाकडी होती, एकही बाजू दुसरीशी जुळत नव्हती. त्याने मधला चौक आधी सुरेख, समतोल आखला आणि हद्दीचे सगळे वाकडे तुकडे जिने, कोठ्या, जाड भिंती यांच्यात जिरवून टाकले. चौकात उभं राहणाऱ्याला जागा वाकडी आहे हे कळतच नाही. पेठेतल्या वाड्यात लहानपण गेलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. गल्लीच्या वळणामुळे आलेला तिरकेपणा कुठे जिन्याखाली, कुठे फडताळाच्या पोटात गेलेला असे आणि चौक आपला सरळ. जपानमध्ये ताकामित्सु अझुमा या वास्तुविशारदाने १९६६ साली टोकियोत स्वतःच्या कुटुंबासाठी ‘टॉवर हाउस’ बांधलं, तेही जेमतेम २० चौरस मीटरच्या तिकोनी तुकड्यावर. ऑलिम्पिकच्या सुमारास झालेल्या रस्तारुंदीत उरलेली ती जमीन होती. तिथे अंगणाला जागाच नव्हती, म्हणून त्याने घर उभं नेलं आणि खोल्यांमधली दारंच काढून टाकली. धाडस म्हणून ते घर थोर आहे. पंच्याहत्तरीच्या आईसाठी मात्र मजल्यांवर चढत जाणारं घर मी सुचवणार नाही, आणि सिडनीत त्याची गरजही पडत नाही.

पुन्हा त्या १५ अंशांकडे येऊ. तोच १० मीटरचा आयत मधोमध तोडून पाच-पाच मीटरचे दोन भाग केले आणि दुसरा भाग हद्दीकडे १.३ मीटर सरकवला, तर दोन्ही भागांमागे अंतर ०.९ ते २.२ मीटरच राहतं. हद्दीच्या बाजूची सुमारे साडेसहा चौरस मीटर जमीन सुटते आणि घराच्या दुसऱ्या बाजूच्या अंगणात जमा होते. शिवाय जिथे घर खांदा मोडतं, तिथे एक आडोसा तयार होतो. खुर्ची टाकायला, तुळशीला, पावसात छत्री मिटायला. असा एक खांदा पुरे. दोन-तीन घेतले की छपराला पन्हळी वाढतात, आणि जिथे दोन छपरं मिळतात तिथेच पाणी गळतं. पण हीच तोड सगळीकडे लागू नाही. ती पाचर उत्तरेला पडत असेल, तर मी आयत न तोडता ती तशीच ठेवीन आणि रुंद टोकाशी हॉलचं मोठं दार उघडीन. दक्षिणेला पडत असेल, तर तोडून जागा वसूल करीन. निर्णय सूर्याने करायचा.

इथे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची दिशांची सवय बदलावी लागते. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो. सिडनी दक्षिण गोलार्धात जवळपास ३४ अंशांवर आहे, तिथे सूर्य उत्तरेकडे असतो. जूनच्या शेवटी भर दुपारी तो क्षितिजावर जेमतेम ३३ अंश चढतो, डिसेंबरमध्ये ८० अंशांपर्यंत. त्यामुळे उत्तरेची खिडकी हिवाळ्यात ऊन खोलवर आत घेते, आणि योग्य रुंदीची वळचण असेल तर उन्हाळ्यात तीच खिडकी सावलीत राहते. इथे वापरला जाणारा एक सोपा अंदाज असा: उंबऱ्यापासून किंवा खिडकीच्या तळापासून वळचणीपर्यंतच्या उंचीच्या ४५ टक्के वळचण पुढे काढावी. उंची २.४ मीटर असेल तर साधारण १.१ मीटर. पश्चिमेचं ऊन वळचणीने अडत नाही, तिकडे खिडकी लहान ठेवणं हाच उपाय. ईशान्य मोकळी आणि नैर्ऋत्य जड ठेवावी हा वास्तूचा आग्रह सिडनीत पाळला तर घर खरोखर चांगलं होतं. सकाळचं आणि हिवाळ्याचं ऊन त्याच बाजूने येतं, आणि उन्हाळ्याच्या तिसऱ्या प्रहराची आग नैर्ऋत्येच्या भरीव भिंतीवर अडते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती जरूर पाळावी. फक्त साध्या होकायंत्राची सुई इथे खऱ्या उत्तरेच्या सुमारे साडेबारा अंश पूर्वेला झुकते, तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

सूर्याचा दुसरा हिशेब सावलीचा, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पुढचं घर उत्तरेला आणि अंगण दक्षिणेला असेल, तर पाच मीटर उंच आढ्याची सावली जूनच्या दुपारी पावणेआठ मीटरपर्यंत मागे पडते. तेवढ्या अंतराच्या आत बांधलेलं घर सगळा हिवाळा थंड राहणार. वाकड्या प्लॉटवर इथे संधी असते. पंख्याच्या आकाराचा मागचा एखादा कोपरा पुष्कळदा मुख्य घराच्या सावलीतून बाहेर निसटलेला असतो. तो शोधणं हे आराखड्याचं पहिलं काम.

जमिनीखालच्या गोष्टींवर पुस्तकात सर्वांत सविस्तर प्रकरण आहे, आणि ते योग्यच आहे. सिडनीच्या जुन्या उपनगरांत सांडपाण्याची मुख्य नळी पुष्कळदा मागच्या अंगणांतून, हद्दीच्या जवळून जाते. आपण जो कोपरा पसंत केला, नेमकी तिथेच ती असते. तिच्यावर किंवा तिच्या प्रभावक्षेत्रात बांधायचं तर सिडनी वॉटरची संमती लागते. नळीला काँक्रीटचं आवरण द्यावं लागतं किंवा पायाचे खांब नळीच्या पातळीखाली न्यावे लागतात. पावसाच्या पाण्याचंही तसंच. जमीन रस्त्याकडे उतरत असेल तर प्रश्न नाही. मागे उतरत असेल, तर पाणी शेजाऱ्याच्या जमिनीतून न्यायचा नोंदलेला हक्क आहे का हे पाहावं लागतं. नसेल तर शेजाऱ्याशी बोलणं आलं, आणि ते घर बांधायच्या आधी झालेलं बरं. संरक्षित झाडाची मुळं, वणव्याच्या पट्ट्यातलं वर्गीकरण, पुराची पातळी, या गोष्टी कौन्सिलच्या नियोजन दाखल्यातून आणि सर्व्हेअरच्या नकाशातून कळतात. सामान आत कसं येणार हेही आधी बघावं. बाजूचा बोळ एक मीटरचा असेल तर खोदकामाचं छोट्यातलं छोटं यंत्रही कसंबसं जातं, आणि काँक्रीट रस्त्यावरून पंपाने न्यावं लागतं. खर्चाचे अंदाज कोलमडतात ते इथेच. आणि जुनं फायब्रोचं गॅरेज पाडायचं असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालावं. ते हाताळायला परवानाधारक माणूसच बोलवावा.

एवढं झालं तरी घर राहण्याजोगं होतं की नाही, हे ठरतं त्याच्या वाटेवर. मागच्या घरात जायला मुलाच्या हॉलमधून जावं लागत असेल, तर ते स्वतंत्र घर नव्हे, दूरची खोली आहे. रस्त्यापासून दारापर्यंत स्वतःची वाट हवी, रात्री उजेडाची, पावसात न घसरणारी, एकही पायरी नसलेली. दारं ८२० मिलिमीटर मोकळी, न्हाणीघरात उंबरठा नाही, भिंतीत आज ना उद्या दांडा बसवता येईल असा आधार आधीच घातलेला. दोन घरांची स्वयंपाकघरं समोरासमोर नकोत, नाहीतर दिवसभर एकमेकांच्या ताटात लक्ष. वाकडा प्लॉट इथेही मदतीला येतो. घर थोडं वळवलं की खिडक्या आपोआप एकमेकींकडे पाठ करतात.

पैशाची बाजू स्पष्ट बोलायला आपली माणसं कचरतात, म्हणून इथे लिहितो. न्यू साउथ वेल्समध्ये हे घर मूळ प्लॉटपासून तोडून वेगळं विकता येत नाही. पुण्यातला फ्लॅट विकून आईबाबांनी पैसे घातले, तरी जमीन मुलाच्या नावावर आणि म्हणून घरही त्याच्याच. उद्या मुलाने घर विकलं, त्याचा घटस्फोट झाला, तो आधी गेला, तर त्यांनी कुठे जायचं? १ जुलै २०२१ पासून ऑस्ट्रेलियाच्या करकायद्यात अशा व्यवस्थेला भांडवली नफाकरातून सूट आहे, पण राहणारी व्यक्ती निवृत्तिवेतनाच्या वयाची किंवा अपंग असावी लागते आणि करार लेखी असावा लागतो. सूट मिळो न मिळो, करार करावाच. आईबापांबरोबर कागद कसले, हा विचार मायेतून येतो हे मी जाणतो. वकिलाकडे एक दुपार घालवणं हीही मायाच आहे.

पुस्तकात पुढे दिलेले नकाशे उतरवून घेण्यासाठी नाहीत, कारण तुमच्या प्लॉटसारखा दुसरा प्लॉट त्यात नसणार. ते आखताना ज्या क्रमाने विचार केला आहे, तो क्रम घ्या. वाचायला बसण्याआधी नोंदणीकृत सर्व्हेअरकडून हद्दी आणि पातळ्या मोजून घ्या, सांडपाण्याच्या नळीचा नकाशा मागवा, आणि जमलं तर जूनमधल्या एका निरभ्र दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता अंगणात ऊन कुठवर येतं तिथे खुंट्या ठोका. आईबाबा तिकडे असतील तर फोन करून विचारा, सकाळी उठल्यावर त्यांना सर्वांत आधी काय लागतं. त्यांचं उत्तर लिहून ठेवा आणि आर्किटेक्टच्या पहिल्या भेटीला ते बरोबर न्या.